कामरूपी आणि नियम : भूमिकाखेळांतील रूपपालटू प्रजातींच्या घडणीचा इतिहास

१

कथेतील रूपांतराला प्रयोजन लागते. मुदत लागत नाही. मारीच सुवर्णमृगाचे रूप घेतो तेव्हा ते रूप तो किती घटका टिकवू शकेल, दिवसातून किती वेळा पालटू शकेल, मृगाच्या देहात त्याची राक्षसबुद्धी कितपत शाबूत राहील, असे प्रश्न रामायणाच्या श्रोत्याच्या मनात येत नाहीत. कथेची गती हे प्रश्न गिळून टाकते. सीतेला मृगाचा मोह पडावा आणि राम आश्रमापासून दूर जावा एवढे कथेला हवे असते, आणि तेवढ्यापुरते ते रूप टिकते. मिथक, आख्यान, परीकथा, कादंबरी या सर्व कथनप्रकारांत रूपांतराविषयीचे हे मौन कमीअधिक प्रमाणात आढळते. त्याला कोणी दोष मानत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र हे मौन परवडू नये असा एक कथनप्रकार जन्माला आला. १९७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावातून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. या खेळात टेबलाभोवती बसलेली चार-सहा माणसे एकेका पात्राची भूमिका पत्करतात आणि 'डन्जन मास्टर' या नावाने ओळखली जाणारी एक व्यक्ती त्या पात्रांभोवतीचे जग उभे करते. नाट्यशास्त्रातील संज्ञा वापरून तिला सूत्रधार म्हणता येईल. पात्राने काय करावे ते खेळाडू बोलून दाखवतो. त्याचे फळ नियम आणि फासे मिळून ठरवतात. कथानक आधी लिहिलेले नसते. लिहिलेले असतात ते नियम, आणि म्हणून या प्रकाराची खरी संहिता म्हणजे नियमपुस्तक होय.

अशा खेळात 'माझे पात्र आता अस्वल होते' असे एखाद्याने म्हटले की सूत्रधाराला चार प्रश्नांची उत्तरे तत्काळ द्यावी लागतात. हे रूप किती वेळ टिकेल? त्यासाठी मोल काय पडेल? अस्वलाच्या देहात जुने काय शिल्लक राहील? आणि समोरच्याला खरे रूप ओळखता येईल का? मुदत, मोल, अवशेष आणि ओळख हे ते चार प्रश्न. रूपपालटू प्रजाती घडवणे म्हणजे या चारांची उत्तरे शब्दांत आणि आकड्यांत बांधणे. वरवर पाहता हे काम कारागिराचे वाटते. पण १९७४ पासूनच्या पन्नास वर्षांत ही उत्तरे ज्या रीतीने बदलत गेली ती पाहिली की 'परका' आणि 'स्व' यांविषयीच्या कल्पनांचा एक इतिहासच त्यांत साठलेला दिसतो.

२

खेळाच्या कर्त्यांपुढे कोरी पाटी नव्हती. पाश्चात्त्य परंपरेतून त्यांच्यापर्यंत आलेल्या रूपांतरकथांचा मूळ साठा ऑव्हिडच्या 'मेटामॉर्फसीस'मध्ये सापडतो. या पंधरा खंडांच्या काव्यात अवशेषाचा प्रश्न पुनःपुन्हा डोके वर काढतो. लायकेऑन लांडगा होतो, पण त्याचे क्रौर्य तेच राहते. देहाने जणू स्वभावाचे अनुकरण केलेले असते. अॅक्टिऑन हरिण होतो, मात्र त्याचे मन माणसाचेच राहते आणि स्वतःच्याच शिकारी कुत्र्यांना आपले नाव सांगता न आल्यामुळे तो त्यांच्याकडून फाडला जातो. गाय झालेली आयो खुराने धुळीत आपले नाव रेखाटते तेव्हा कुठे तिच्या पित्याला ती ओळखू येते. या कथांमध्ये रूपांतर बहुधा बाहेरून लादलेले असते आणि त्यातील वेदना वाचा हरपण्याची असते.

भारतीय परंपरेतील 'कामरूपी' ही संकल्पना याहून वेगळी आहे. इच्छेनुसार रूप घेणारा तो कामरूपी. रामायणात हे विशेषण राक्षसांना जसे लागते तसे वानरांनाही लागते. रावण परिव्राजकाच्या वेषात सीतेपुढे उभा राहतो. हनुमानही भिक्षूच्या रूपातच रामापुढे येतो. साधन एकच आहे. हेतू निराळे आहेत. कामरूपित्व ही स्वतःहून ना पापी ना पुण्यशील अशी शक्ती आहे. तिचे मूल्य ठरते ते ती कोणासाठी वापरली यावरून.

या परंपरेत सर्वांत सूक्ष्म विचार झाला आहे तो ओळखीचा. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चार देव नलाचे रूप घेऊन स्वयंवरात बसतात. रघुनाथ पंडितांच्या आख्यानकाव्यामुळे हा प्रसंग मराठी वाचकाच्याही ओळखीचा झाला. दमयंतीपुढे पाच नल आहेत. देवांची लक्षणे तिने ऐकलेली आहेत : त्यांच्या पापण्या लवत नाहीत, त्यांना घाम येत नाही, त्यांच्या माळा कोमेजत नाहीत, त्यांचे पाय भूमीला टेकत नाहीत. परंतु पाचांपैकी एकातही ती लक्षणे तिला दिसत नाहीत. मग ती आपल्या निष्ठेचे सत्य साक्षीला ठेवून देवांनाच विनविते आणि देव आपली लक्षणे प्रकट करतात. नल ओळखू येतो तो त्याच्या घामावरून, धुळीवरून, कोमेजलेल्या माळेवरून आणि सावलीवरून, म्हणजेच त्याच्या मर्त्यपणावरून. येथे ओळख ही ज्ञानाची बाब आहे, तशीच ती नात्याची बाब आहे. पाहणाऱ्याने काहीतरी पणाला लावल्याखेरीज खरे रूप उघडत नाही.

मोलाविषयीची एक मार्मिक लोककथा कर्नल स्लीमनच्या १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासग्रंथात येते. सागर-नर्मदा प्रदेशात त्याला वाघ होणाऱ्या माणसांच्या गोष्टी ऐकायला मिळाल्या. एक मुळी खाल्ली की माणूस वाघ होतो आणि दुसरीमुळे पुन्हा माणूस. ही दुसरी मुळी नवऱ्याने बायकोच्या हाती दिलेली असते, आणि समोर वाघ पाहताच ती भेदरून मुळीसकट पळून जाते. परतीची वाट दुसऱ्याच्या हाती असणे हे या रूपांतराचे मोल आहे. नियमांच्या भाषेत याहून नेमका नियम सुचवणे कठीण.

३

१९७४ च्या खेळाने या साठ्यातून काय उचलले हे समजून घेताना त्याचे कूळ लक्षात ठेवावे लागते. तो युद्धखेळांतून निपजला होता. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचा 'चेनमेल' हा मध्ययुगीन लढायांचा नियमसंच १९७१ चा. तेथे प्रत्येक सैनिकतुकडी म्हणजे बळ, वेग आणि चिलखत यांची एक आकडेवारी. त्यामुळे पहिल्या पुस्तिकांतील रूपपालटू प्राणी हे पटावरच्या शत्रूसारखे बाहेरून मोजलेले आहेत. मानवलांडगा, मानवरानडुक्कर, मानवव्याघ्र आणि मानवअस्वल या चार जाती तेथे येतात. त्यांच्याशी लढताना एखादे पात्र गंभीर जखमी झाले, म्हणजे त्याच्या सहनशक्तीच्या सुमारे निम्मी हानी झाली, तर २ ते २४ दिवसांत ते स्वतःच तशा जातीचे होते. धर्मगुरूने रोगहरण मंत्राने त्याला आधी बरे केले तरच ते टळते. लायकेऑनच्या कथेतील शाप येथे संसर्ग झाला आहे. स्वभाव आणि देह यांचे नाते सुटले; उरली ती लागण आणि तिच्यावरचा उपाय.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, 'ग्रेहॉक' या पुरवणीतून 'डॉपेलगँगर' अवतरला. हा शब्द जर्मन लेखक जाँ पॉल याने १७९६ मधील 'झीबेनकेस' या कादंबरीत घडवला. रोमँटिक साहित्यात डॉपेलगँगर म्हणजे स्वतःचेच दुसरे रूप. ते दिसणे म्हणजे आत्म्याला तडा जाणे. खेळाने शब्द घेतला, अर्थ पालटला. येथील डॉपेलगँगर हा एक स्वतंत्र प्राणी आहे. तो बळीचे मन वाचतो, त्याचे रूप घेतो आणि त्याची जागा बळकावतो. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये त्याची मापे दिली गेली : चार ते आठ फूट उंचीच्या कोणत्याही मानवसदृश देहाची प्रतिकृती, ९० टक्के अचूकतेने. उरलेल्या दहा टक्क्यांत साऱ्या ओळखीचा प्रश्न कोंबलेला आहे. दमयंतीने जे सत्याच्या बळावर मिळवले ते येथे फाशाच्या एका फेकीवर सोपवले जाते.

तरीही डॉपेलगँगरने खेळाच्या कथनात एक नवी गोष्ट आणली. कादंबरीचा वाचक तोतयाला बाहेरून पाहतो. खेळात मात्र पाच सोबत्यांपैकी एक बदलला गेला आहे हे कळल्यावर टेबलाभोवतीचा प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहू लागतो. त्झ्वेतान तोदोरॉव्हने १९७० मध्ये अद्भुताची जी व्याख्या केली तिच्या मुळाशी वाचकाची द्विधा मनःस्थिती आहे : घडते ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक? नियमपुस्तकाने ही द्विधा पुसून टाकली. राक्षस आहे हे तर पान उघडून दाखवता येते. पण तिच्या जागी दुसरी द्विधा आली : तो आपल्यापैकी कोण? अद्भुताचा प्रश्न विश्वाकडून मित्राकडे वळला.

या काळात रूपपालटू प्राण्याच्या आत शिरण्यास मज्जाव होता. १९७९ च्या 'डन्जन मास्टर्स गाइड'मध्ये राक्षसी प्राण्याला खेळाडूचे पात्र करण्याविषयी गायगॅक्सने स्वतंत्र टिपण लिहिले आणि सूत्रधारांना त्यापासून परावृत्त केले. लांडग्याची लागण झालेल्या पात्राविषयीचे नियमही ती अवस्था कोणाला हवीशी वाटू नये अशाच बेताने रचले आहेत. मनुष्य हे केंद्र आणि रूपपालटू हा परिघावरचा धोका, ही या पहिल्या पर्वाची मांडणी होती.

४

याच पर्वात रामायणातील राक्षस या खेळात दाखल झाला. त्याचा प्रवास तपशिलाने पाहण्यासारखा आहे, कारण नियमाच्या साच्यात परंपरेचे काय होते याचा तो सर्वांत स्पष्ट दाखला आहे.

डिसेंबर १९७४ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर 'कोलचॅक : द नाइट स्टॉकर' या मालिकेचा 'हॉरर इन द हाइट्स' हा भाग दाखवला गेला. जिमी सँग्स्टरने लिहिलेल्या या कथेत शिकागोत एक राक्षस वृद्धांना मारून खातो. बळीला जी व्यक्ती सर्वांत विश्वासाची वाटते तिचे रूप घेऊन तो जवळ येतो आणि मंत्रसंस्कारित क्रॉसबोच्या बाणानेच तो मरतो. वर्षभराने, डिसेंबर १९७५ मध्ये, गायगॅक्सच्या संस्थेच्या 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या नियतकालिकात राक्षसाचे नियम छापले गेले आणि १९७७ मध्ये ते 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये स्थिरावले. तेथील राक्षस मन वाचून बळीला मित्र वाटेल असे भासरूप निर्माण करतो, साध्या शस्त्रांना जुमानत नाही, आणि संस्कारित क्रॉसबोचा बाण लागताच प्राण सोडतो. हा बाण ना वाल्मीकींकडे आहे ना व्यासांकडे. तो शिकागोच्या मालिकेतून आला आहे. डेव्हिड ट्रॅम्पियरच्या चित्राने या राक्षसाला वाघाचे डोके, उंची पोशाख आणि धूम्रपानाची नळी दिली. पुढे त्याचे पंजे उलटे, म्हणजे पाठीच्या जागी तळवे असलेले झाले आणि २०१४ च्या आवृत्तीत ते लक्षण शब्दांत नोंदवले गेले. त्याच आवृत्तीत सत्प्रवृत्त व्यक्तीच्या हातातील जादुई भोसकणाऱ्या शस्त्राने त्याला दुप्पट इजा होते. चाळीस वर्षांनंतरही क्रॉसबोच्या बाणाची आठवण नियमात जिवंत होती.

या प्रवासाकडे केवळ विपर्यास म्हणून पाहणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. परंपरा आपल्याकडेही पाठभेदांतूनच चालत आलेली आहे. राक्षसाची प्रत्येक पिढीने नवी मूर्ती घडवली. विचारात घ्यावयाची गोष्ट आहे ती कोणता भाग गळला ही. खेळातील राक्षसाला 'नियमनिष्ठ दुष्ट' असा नैतिक कल जन्मतःच चिकटवलेला आहे. महाभारतातील हिडिंबा रूप पालटून भीमापुढे उभी राहते ती प्रेमापोटी, आणि त्या नात्यातून घटोत्कच जन्मतो. या नियमात हिडिंबेला जागा नाही. बिभीषणालाही नाही.

मारीचाला तर मुळीच नाही. अरण्यकांडातील मारीच रावणाला या साहसापासून परोपरीने परावृत्त करतो. रामाच्या बाणाचा अनुभव त्याने पूर्वी घेतलेला आहे. नाही म्हटले तर रावण मारणार, हो म्हटले तर राम मारणार. या दोन मृत्यूंतून एक निवडून तो मृग होतो. मरताना तो मृगरूप टाकतो, पण कंठ मात्र रामाचा उसना घेतो. मृत्यूसमयी मूळ रूप परत येते हा नियम खेळानेही बहुतेक ठिकाणी जपला आहे. जपले नाही ते मारीचाचे अंतरंग : ज्याला आपले रूप दुसऱ्याच्या आज्ञेने घ्यावे लागते आणि ज्याला त्या रूपाचा शेवट ठाऊक आहे असा कामरूपी. राक्षसाला आकडे मिळाले, तेव्हा त्याची द्विधा गेली. ज्या परंपरेत रूपपालटूला आतून बोलण्याची मुभा होती तिच्याकडून घेतलेली मूर्ती नव्या जागी मुकी झाली.

५

अवशेषाच्या प्रश्नावर मात्र नियमकर्त्यांनी जे काम केले ते तत्त्वचिंतनाच्या जवळ जाते. १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये ड्रुइड या निसर्गपुरोहिताला सातव्या पातळीपासून पक्षी, सरपटणारा प्राणी आणि सस्तन प्राणी यांची रूपे दिवसातून एकेकदा घेता येतात. हे रूपांतर सौम्य आहे. ते जखमाही काही प्रमाणात भरून काढते. याउलट दुसऱ्यावर लादलेल्या रूपांतराचा मंत्र घातक आहे. त्या धक्क्यातून देह वाचेल की नाही यासाठी फासा टाकावा लागतो. आणि वाचला तरी मन नव्या प्राण्याचे होऊन जाण्याची शक्यता मोजली जाते. स्वेच्छेने पालटलेला देह 'मी'ला सांभाळतो, लादलेला देह 'मी'ला खातो, असा भेद येथे आकड्यांतून उभा राहिला.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हाच भेद अधिक रेखीव झाला. ड्रुइडचे 'वाइल्ड शेप' घेतले की बल, चापल्य आणि शरीरक्षमता हे गुण पशूचे होतात. बुद्धी, विवेक आणि व्यक्तिप्रभाव मात्र स्वतःचे राहतात. 'पॉलिमॉर्फ' या मंत्राने मनाचे गुणांकही पशूचे होतात, पण व्यक्तिमत्त्व आणि नैतिक कल तेवढे उरतात. या दुसऱ्या नियमाने खेळाडूपुढे विलक्षण कोडे टाकले. बुद्धीचा आकडा दोनवर आलेल्या, पण 'व्यक्तिमत्त्व' शाबूत असलेल्या पात्राने वागायचे कसे? मित्रांना ओळखायचे का? आपण माणूस होतो हे त्याला आठवते का? नियम येथे थांबतो आणि अभिनय सुरू होतो. अॅक्टिऑन आणि लायकेऑन यांच्यामधले अंतर ऑव्हिडने दोन कथांत मांडले. येथे ते एकाच पात्राच्या एका सायंकाळच्या वर्तनात खेळाडूला स्वतः ठरवावे लागते.

रूपपालटूच्या आत शिरण्याचे दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९९२ मध्ये. व्हाइट वुल्फ या प्रकाशनसंस्थेच्या 'वेअरवुल्फ : दि अपॉकलिप्स' या खेळात सर्व खेळाडूपात्रे मानवलांडगेच असतात. संसर्गाची कल्पना येथे टाकून दिली आहे. लांडगा जन्मावा लागतो. रूपेही दोन नसून पाच आहेत : माणूस, माणसाकडे झुकलेले, मधले युद्धरूप, लांडग्याकडे झुकलेले आणि लांडगा. माणूस की पशू या द्वंद्वाच्या जागी एक पट्टी आली, आणि तिच्यावर कोठे उभे राहायचे हा प्रत्येक प्रसंगी नैतिक प्रश्न झाला. युद्धरूप पाहणाऱ्या सामान्य माणसाची भयाने शुद्ध हरपते आणि नंतर तो जे पाहिले ते विसरतो. म्हणजे ओळख होताच पुसली जाते. या पात्रांचे मोल संताप या गुणात मोजले जाते. संताप त्यांना बळ देतो आणि आपल्या माणसांपासून दूरही नेतो.

तरी या खेळालाही आपली आंधळी जागा होती. दोन मानवलांडग्यांच्या निषिद्ध संबंधातून जन्मलेल्या, व्यंग असलेल्या संततीला त्याने 'मेटिस' असे नाव दिले. ते कॅनडातील एका प्रत्यक्ष जनसमूहाचे नाव आहे. एका टोळीला मूलनिवासी कथांतील 'वेंडिगो' हे नाव दिले. २०२३ च्या पाचव्या आवृत्तीत हा जन्मप्रकार आणि हे टोळीनाव ही दोन्ही गाळली गेली. कल्पित प्रजाती रचताना वापरलेले शब्द कल्पित नसतात, हे कळण्यास तीन दशके लागली.

६

कीथ बेकर यांचे 'एबेरॉन' हे कल्पविश्व २००२ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशनसंस्थेने घेतलेल्या शोधस्पर्धेतून निवडले गेले आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या पर्वात शत्रू असलेल्या दोन जातींचे वंशज येथे खेळाडूपात्रे म्हणून आले. डॉपेलगँगर आणि माणूस यांच्या संबंधातून आलेला तो 'चेंजलिंग'. मानवलांडग्यांच्या कुळातून आलेला तो 'शिफ्टर'. घडणीच्या दृष्टीने बेकर यांची युक्ती साधी होती. शक्ती कमी केली आणि इतिहास वाढवला. चेंजलिंगला मन वाचता येत नाही, अंगावरचे कपडे बदलता येत नाहीत. बदलतो तो केवळ देह. शिफ्टर पूर्ण लांडगा होत नाही, क्षणभर पशूकडे झुकतो. पण शिफ्टरांच्या मागे एका संहाराची आठवण आहे. रजतज्योतीच्या धर्मपीठाने मानवलांडग्यांविरुद्ध मोहीम काढली तेव्हा निरपराध शिफ्टरही तीत मारले गेले. १९७४ च्या पुस्तिकेतील संसर्गाचा नियम येथे पूर्वग्रहाचा इतिहास होऊन परततो. ज्या भीतीवर पहिला नियम रचला होता तिचे परिणाम भोगणाऱ्यांच्या बाजूने आता कथा सांगितली जाते.

चेंजलिंगच्या बाबतीत २०१९ च्या आवृत्तीने आणखी एक पाऊल टाकले. चेंजलिंग एकेक 'व्यक्तिरेखा' जोपासतात; तिला नाव, स्वभाव, गतायुष्य असते. अशी व्यक्तिरेखा एका कुटुंबातील वा वस्तीतील अनेक चेंजलिंग आळीपाळीने धारण करू शकतात आणि ती पुढच्या पिढीलाही वारशाने मिळू शकते. व्यक्ती एक आणि रूपे अनेक या परिचित सूत्राची ही उलटापालट आहे : रूप एक आणि त्यात वसणाऱ्या व्यक्ती अनेक.

अशा प्रजातीची भूमिका करणाऱ्या खेळाडूची अवस्था भारतीय काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला ओळखीची वाटेल. भरताच्या रससूत्रावरील आपल्या विवेचनात शंकुकाने नटाविषयीच्या प्रतीतीला चित्रतुरगन्याय लावला. चित्रातील घोड्याला आपण घोडा म्हणतो. ते ज्ञान खरेही नसते, खोटेही नसते, संशयही नसते आणि केवळ सादृश्यही नसते. भूमिकाखेळात नट आणि प्रेक्षक एकच असतात आणि चेंजलिंगच्या भूमिकेत हा न्याय दुहेरी होतो : खेळाडू चेंजलिंगचे सोंग घेतो आणि चेंजलिंग दुसऱ्या कोणाचे. समाजशास्त्रज्ञ गॅरी अॅलन फाइन यांनी १९८३ च्या 'शेअर्ड फँटसी' या ग्रंथात व्यक्ती, खेळाडू आणि पात्र अशा तीन चौकटी सांगितल्या. रूपपालटू पात्राने त्यांत चौथी घातली.

महाराष्ट्राच्या लोकजीवनातील बहुरूपी येथे आठवल्यावाचून राहत नाही. तो फौजदाराच्या वेषात दारात उभा राहतो, दरडावतो, घरच्या मंडळींची गाळण उडवतो आणि मग हसून हात पुढे करतो. त्याची कला फसवण्यात असते, तितकीच उलगडण्यात. सोंग कळल्याशिवाय बिदागी मिळत नाही. डॉपेलगँगर कधीच उलगडत नाही आणि म्हणून त्याला मारावेच लागते. चेंजलिंगचे नाट्य मात्र नेमके याच क्षणाभोवती फिरते : सोबत्यांपुढे खरा चेहरा केव्हा उघडायचा, आणि उघडल्यावर ते तो स्वीकारतील का? दमयंतीच्या स्वयंवरातील नात्याची अट येथे वेगळ्या वाटेने परत आली आहे. खेळात 'ट्रू सीइंग'सारखा खरे रूप दाखवणारा मंत्र आहेच. पण सूत्रधार आणि खेळाडू यांना जो प्रसंग लक्षात राहतो तो मंत्राने उघडलेल्या चेहऱ्याचा क्वचितच असतो. आपण होऊन दाखवलेला चेहरा मंत्राला आणता येत नाही.

७

डिसेंबर २०२२ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या प्रकाशकांनी 'रेस' हा शब्द सोडून देत असल्याचे जाहीर केले आणि २०२४ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये त्याच्या जागी 'स्पीशीज', म्हणजे प्रजाती, हा शब्द आला. वंश या शब्दामागचा रक्तरंजित इतिहास पाहता हा बदल समजण्यासारखा आहे. परंतु प्रजाती हा जीवशास्त्रीय शब्द जन्मजात गुणांची कल्पना अधिकच घट्ट करतो, असाही आक्षेप घेता येतो. मराठीत तर हा पेच आणखी अवघड आहे. 'जात' या एकाच शब्दाने आपण वाघाची जात सांगतो आणि माणसाचीही; आणि जन्मावरून गुण ठरवण्याचे मोल या समाजाने चांगलेच मोजले आहे.

रूपपालटू प्रजाती ही या वर्गीकरणाच्या मुळाशी असलेली अडचण आहे. प्रजातीची व्याख्या ठरलेल्या देहावर आणि ठरलेल्या गुणांवर उभी असते. ज्याचा देहच ठरलेला नाही त्याची नोंद कोणत्या रकान्यात करायची? नियमकर्त्यांनी त्यालाही एक रकाना दिला हे खरे. पण त्या रकान्यात लिहिलेले वाचले की इतर सर्व रकान्यांविषयी शंका येऊ लागते. एल्फ, ड्वार्फ, ऑर्क यांना चिकटवलेले गुण देहाचे की सवयीचे, हा प्रश्न चेंजलिंगमुळे टाळता येईनासा होतो. पन्नास वर्षांपूर्वी दुष्टपणा ज्याच्या जातीतच लिहिला होता त्या प्राण्याचे वंशज आज खेळाडूंना विचारीत आहेत की तुमच्या पात्राचे 'स्व'त्व नेमके कोठे आहे.

या इतिहासातून साहित्यविचाराने घेण्यासारखे एक निरीक्षण आहे. कथेने ज्या ठिकाणी मौन पाळले तेथे नियमाला बोलावे लागले, आणि बोलताना त्याने आपल्या काळाची भीती उघडी केली : १९७४ मध्ये लागणीची, १९७५ मध्ये तोतयाची, १९९२ मध्ये स्वतःच्या संतापाची, २००४ मध्ये झुंडीची. ही उत्तरे कायम राहिली नाहीत. पुढच्या आवृत्तीने मागच्या आवृत्तीचे आकडे खोडले. रामायणातील मारीचाला कोणी आकडे दिले नव्हते, म्हणून त्याचे काही खोडावे लागले नाही. त्याच्यासारखा कामरूपी, म्हणजे ज्याच्या रूपावर दुसऱ्याची सत्ता आहे, जो नकार देऊ पाहतो आणि देऊ शकत नाही, तो अद्याप कोणत्याही नियमपुस्तकात नीट उतरलेला नाही. स्लीमनने ऐकलेल्या कथेतील मुळी दुसऱ्याच्या हाती असते, तशी ती मारीचाच्या बाबतीत रावणाच्या हाती आहे. मुदत, मोल, अवशेष आणि ओळख या चार प्रश्नांना जोडून पाचवा प्रश्न विचारल्याशिवाय त्या कामरूपीपर्यंत पोचता येणार नाही : हे रूप घ्यायला सांगितले कोणी?